घरचा बोगदा मंद का चालतो?

एका घरातील सर्व माणसे आज एकाच गावात राहतात असे क्वचितच आढळते. आईवडील नाशिकला, डॉक्टर झालेली मुलगी भोपाळला आणि मुलगा लंडनला, अशी कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. घरची महत्त्वाची कागदपत्रे, वाडवडिलांची छायाचित्रे, वैद्यकीय अहवाल, जमिनीचे उतारे हे सारे पूर्वी एका लोखंडी पेटीत असे. आता त्यातले पुष्कळसे संगणकात असते. ही पेटी परक्याच्या हवाली न करता आपल्याच घरी असावी, आणि घरातील प्रत्येकाला ती दूर राहूनही सुरक्षितपणे उघडता यावी, अशा हेतूने कित्येक सुशिक्षित कुटुंबे घरच्या घरी आभासी खाजगी जाळे, म्हणजेच व्ही.पी.एन., उभारतात. त्यासाठी लागणारा संगणक तळहाताएवढा असतो, आणि आज्ञावली विनामूल्य मिळते.

परंतु थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते. एरवी इंटरनेट वेगाने चालते, मात्र ह्या जाळ्यातून गेले की छायाचित्र उघडता उघडत नाही. वडिलांच्या एम.आर.आय. तपासणीच्या प्रतिमा मुलीला भोपाळला तातडीने पाहावयाच्या असतात आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. मग कोणी महागडी जोडणी घेतो, कोणी नवे यंत्र आणतो. बहुतेक जण वैतागून तेच अहवाल एखाद्या उघड्या दुव्यावर ठेवून मोकळे होतात. मंद वेगाचा खरा धोका हा शेवटचा आहे. ज्या खाजगीपणासाठी एवढा खटाटोप केला, तोच घाईच्या वेळी सोडून दिला जातो.

वस्तुतः दोष शोधून काढणे एका संध्याकाळचे काम आहे. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. एक वही, थोडी बेरीज-वजाबाकी आणि क्रमाने जाण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे. नाशिक, भोपाळ आणि लंडन येथे विभागलेले एक काल्पनिक कुटुंब आपण उदाहरणादाखल घेऊ आणि त्याचा दोष टप्प्याटप्प्याने शोधू.

पाकिटात पाकीट

इंटरनेटवरून जाणारा प्रत्येक मजकूर लहान लहान पाकिटांत विभागला जातो. एका पाकिटाचे नेहमीचे कमाल माप १,५०० बाइट असते. व्ही.पी.एन. काय करते? ते मूळ पाकीट सांकेतिक लिपीत बंद करते, त्याला दुसऱ्या पाकिटात घालते आणि वर घरच्या संगणकाचा पत्ता लिहून टपालात टाकते. वाटेतील कोणालाही आतले पाकीट वाचता येत नाही. म्हणूनच ह्या व्यवस्थेला बोगदा म्हणतात.

बाहेरच्या पाकिटालाही जागा लागते. 'वायरगार्ड' नावाची पद्धत आज घरगुती वापरात फार लोकप्रिय आहे. जेसन डोनेनफेल्ड ह्यांनी ती निर्माण केली, आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ ह्या आवृत्तीत ती गाभ्यात समाविष्ट झाली. तिचे वेष्टन पाकिटामागे ६० बाइट घेते. बाहेरचा पत्ता नव्या, म्हणजे आय.पी. आवृत्ती ६ च्या, पद्धतीचा असेल तर ८० बाइट. १,५०० पैकी ६० म्हणजे शेकडा ४. ह्याचा अर्थ उघड आहे. बोगद्यामुळे वेग थोडासा घटणे स्वाभाविक आहे. परंतु तो चौथाईवर किंवा दशांशावर आला असेल, तर दोष वेष्टनाचा नसून आणखी कशाचा तरी आहे.

मोजल्यावाचून औषध नको

प्रथम वहीत चार नोंदी कराव्या. पहिली, घरच्या जोडणीचा वेग, व्ही.पी.एन. बंद ठेवून. दुसरी, दूरच्या माणसाच्या जोडणीचा वेग, तोही व्ही.पी.एन. बंद ठेवून. तिसरी, बोगद्यातून घरच्या संगणकाला 'पिंग' केल्यावर उत्तर यावयास लागणारा वेळ. आणि चौथी, बोगद्याच्या आतून मोजलेला वेग. ह्या शेवटच्या मापासाठी 'आयपर्फ-३' नावाची विनामूल्य आज्ञावली दोन्ही टोकांना चालवावी आणि दोन्ही दिशांनी माप घ्यावे. मापे शक्यतो तारेने जोडलेल्या संगणकावरून घ्यावी. वायफायवर घेतलेले माप पुष्कळदा भिंतींचे माप असते. इंटरनेटचा वेग त्यात दिसतच नाही.

येथे एक घोटाळा टाळावा. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलीचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच येणार. ते पाहून 'शंभरचे बारा झाले' अशी तक्रार करू नये.

आपल्या कुटुंबाच्या वहीत समजा अशी मापे निघाली: नाशिकच्या घरी डाउनलोड १०० मेगाबिट व अपलोड २०, भोपाळला डाउनलोड ८०, पिंगचे उत्तर २३० मिलिसेकंदांनी, आणि बोगद्यातून भोपाळला मिळणारा वेग अवघा २ मेगाबिट. एम.आर.आय.च्या प्रतिमा एकूण ६०० मेगाबाइट, म्हणजे ४,८०० मेगाबिट भरतात. ह्या वेगाने त्यांना ४० मिनिटे लागतील. आता दोष शोधू.

चढता वेग आणि उतरता वेग

आपण जोडणी घेतो तेव्हा जाहिरातीतील मोठा आकडा बहुधा उतरत्या वेगाचा, म्हणजे डाउनलोडचा, असतो. परंतु मुलगी भोपाळहून घरची फाइल उघडते तेव्हा ती फाइल नाशिकच्या घरातून बाहेर पडत असते. तिचे डाउनलोड हे नाशिकचे अपलोड होय. म्हणून तिला मिळू शकणारा सर्वाधिक वेग २० मेगाबिट आहे. ८० किंवा १०० मेगाबिटांची अपेक्षा धरणेच चूक ठरेल. २० मेगाबिटांनी त्याच प्रतिमा ४ मिनिटांत पोचतात. आपल्याला गाठावयाचे उद्दिष्ट हे आहे. त्यापलीकडे जावयाचे असल्यास घरच्या जोडणीचा अपलोड वेगच वाढवावा लागेल. भोपाळची जोडणी महाग करून काहीही साधणार नाही.

ह्याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. पुष्कळ ठिकाणी व्ही.पी.एन. अशा रीतीने मांडलेले असते की दूरच्या माणसाचा सर्वच व्यवहार घरामार्गे जातो. मुलीने भोपाळला बातम्या पाहिल्या किंवा चित्रपट लावला, तरी तो प्रथम नाशिकला उतरतो आणि तेथून पुन्हा वर चढून भोपाळला जातो. घरचा अरुंद चढता रस्ता त्याने व्यापला जातो. वायरगार्डच्या मांडणीत कोणते पत्ते बोगद्यातून जावे ह्याची एक यादी असते. तेथे 'सर्व पत्ते' लिहिलेले असेल, तर केवळ घरच्या जाळ्याचे पत्ते लिहावे. एवढ्या एका बदलाने बऱ्याच घरांची तक्रार मिटते. परक्या हॉटेलात किंवा स्थानकावरील वायफायवर मात्र सर्व व्यवहार बोगद्यातून नेणे शहाणपणाचे असते. त्यासाठी दुसरी, वेगळी मांडणी तयार ठेवावी आणि गरजेप्रमाणे ती निवडावी.

यंत्राची ताकद

सांकेतिक लिपीत लिहिणे आणि वाचणे हे श्रमाचे काम आहे. घरचा संगणक दुबळा असेल तर रस्ता मोकळा असूनही गाडी हळू चालते. ओळखण्याची खूण सोपी आहे. मोठी फाइल जात असताना त्या संगणकावरील कामाचा भार पाहावा. प्रक्रियकाचा एखादा गाभा शंभर टक्क्यांवर टेकला असेल, तर अडथळा तेथेच आहे.

२००१ साली आलेली ओपनव्हीपीएन ही पद्धत आजही विश्वासार्ह आहे. परंतु तिच्या परंपरागत मांडणीत सारे काम प्रक्रियकाच्या एकाच गाभ्यावर पडते. लहान यंत्रावर वायरगार्ड बहुधा तिच्यापेक्षा बरेच वेगाने चालते. यंत्रांतही फरक असतो. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ बी ह्या छोट्या संगणकाचे तारेचे तोंडच १०० मेगाबिटांचे आहे. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये ते १,००० मेगाबिटांचे झाले. 'ए.ई.एस.' नावाच्या सांकेतिक पद्धतीला साहाय्य करणारी खास सोय पाय ४ च्या प्रक्रियकात नाही. २०२३ च्या पाय ५ मध्ये आहे. वायरगार्ड 'चाचा-२०' ही निराळी पद्धत वापरते, आणि ती अशा खास सोयीवाचूनही चांगली चालते. आपल्या कुटुंबाला हवे आहेत केवळ २० मेगाबिट. तेवढ्यासाठी ह्यांपैकी कोणतेही यंत्र पुरेसे आहे. तेव्हा नव्या यंत्राचा खर्च येथे व्यर्थ जाईल.

ओपनव्हीपीएन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बाहेरचे पाकीट यू.डी.पी. पद्धतीने जाते की टी.सी.पी.ने? टी.सी.पी. हरवलेले पाकीट स्वतः पुन्हा पाठविते. आतला व्यवहार टी.सी.पी.चा आणि बाहेरचाही टी.सी.पी.चा असला, तर एक पाकीट हरवताच दोघेही ते पुन्हा पाठवू लागतात आणि गर्दी वाढते. शक्य असेल तेथे बाहेर यू.डी.पी.च ठेवावे.

पाकिटाचे माप

एक लक्षण फार बुचकळ्यात टाकणारे आहे. पिंगचे उत्तर नीट येते, छोटे संदेश जातात, परंतु मोठे छायाचित्र अर्ध्यावर अडकते किंवा मुळीच उघडत नाही. असे झाले की पाकिटाच्या मापावर संशय घ्यावा.

१,५०० बाइटचे पाकीट वेष्टनासह बोगद्यात बसत नाही, म्हणून वायरगार्ड आतल्या पाकिटाचे माप सामान्यतः १,४२० ठेवते. त्यात ८० मिळविले की १,५०० होतात. परंतु कित्येक घरगुती जोडण्या 'पी.पी.पी.ओ.ई.' ह्या पद्धतीने चालतात, आणि ती स्वतः ८ बाइट घेते. रस्ता उरतो १,४९२ चा. बाहेरचा पत्ता जुन्या पद्धतीचा असेल तर १,४२० अधिक ६० मिळून १,४८० होतात आणि पाकीट बसते. पत्ता नव्या पद्धतीचा असेल तर १,५०० होतात आणि पाकीट ८ बाइटांनी मोठे ठरते. अशा वेळी वाटेतील यंत्राने 'पाकीट मोठे आहे' असा निरोप परत पाठवावयाचा असतो. तो निरोप एखाद्या राउटरने सुरक्षेच्या नावाखाली अडविला, तर पाठविणाऱ्याला काहीच कळत नाही आणि मोठी पाकिटे निमूटपणे नाहीशी होतात.

परीक्षा अशी करावी. बोगदा बंद ठेवून, 'तुकडे करू नको' अशी अट घालून, १,४७२ बाइटांचा पिंग पाठवावा. त्यात पत्त्याचे व मथळ्याचे २८ बाइट मिळून १,५०० होतात. उत्तर आले नाही तर आकडा थोडा थोडा कमी करीत जावे. ज्या आकड्याला उत्तर येते त्यात २८ मिळविले की रस्त्याचे खरे माप कळते. त्यातून ६० किंवा ८० वजा करून येणारी संख्या व्ही.पी.एन.च्या मांडणीत लिहावी. ही खटपट नको असेल तर परीक्षेपुरते माप १,२८० करून पाहावे, आय.पी. आवृत्ती ६ ने सर्वत्र चाललेच पाहिजे असे ठरविलेले ते किमान माप आहे. त्याने अडकलेली छायाचित्रे येऊ लागली, तर दोष सापडला असे समजावे.

अंतराचा हिशेब

आता आपल्या कुटुंबाच्या वहीतील सर्वांत बोलका आकडा पाहू. पिंगचे उत्तर २३० मिलिसेकंदांनी येते. नाशिक आणि भोपाळ हे काही इतके दूर नाहीत. मग हा वेळ कोठे जातो?

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नाशिकहून मुंबई आणि मुंबईहून भोपाळ हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. जाऊन येऊन १,६०० किलोमीटरांना प्रकाशाला ८ मिलिसेकंद लागतील. रस्त्याची वळणे आणि वाटेतील यंत्रे धरली तरी काही दहा मिलिसेकंदांत काम व्हावे. २३० ही संख्या सांगते की पाकिटे भलत्याच वाटेने जात आहेत.

आणि तसेच झाले आहे. नाशिकच्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडल्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात. एखाद्या मोठ्या वाड्याला बाहेर एकच पत्रपेटी असावी, तसा हा प्रकार आहे. घरच्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपले घर अशा वाड्यात आहे. ह्या कामासाठी तो पत्त्यांचा गट २०१२ साली राखून ठेवण्यात आला. अशा घरात बाहेरून थेट शिरता येत नाही. म्हणून मुलाने एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्याला मध्यस्थ केले. परंतु तो स्वतः राहतो तेथला, लंडनचा, घेतला. परिणामी नाशिकचे पाकीट सुमारे ७,००० किलोमीटर जाऊन लंडनला पोचते आणि तितकेच परत येऊन भोपाळला उतरते. त्याच्या उत्तराला पुन्हा तोच प्रवास. एकूण २८,००० किलोमीटर. केवळ प्रकाशाच्या वेगानेच १४० मिलिसेकंद. समुद्रतळाच्या केबली सरळ रेषेत नसतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. शिवाय ती वाट नाजूक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातील काही केबलींना इजा झाली, तेव्हा आशिया आणि युरोप ह्यांच्यामधील वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली होती.

विलंबामुळे वेग का घटावा, असे कोणी विचारील. टी.सी.पी. काही मजकूर पाठवून पोच येण्याची वाट पाहते. एका वेळी ६४ किलोबाइट पाठवून १४० मिलिसेकंद थांबावयाचे असेल, तर सेकंदाला पावणेचार मेगाबिटांहून अधिक जाऊच शकत नाहीत, मग रस्ता कितीही रुंद असो. आजच्या यंत्रणा ही मर्यादा वाढवू शकतात, हे खरे. परंतु लांबच्या वाटेवर एखादे पाकीट हरवले की त्या हात आखडता घेतात, आणि पुन्हा वेग धरावयास त्यांना पुष्कळ फेऱ्या लागतात.

एम.आर.आय.च्या प्रतिमांत आणखी एक मेख आहे. तो संच म्हणजे शेकडो लहान फाइली असतात. समजा त्या ६०० आहेत आणि प्रत्येकीच्या उघडझापीसाठी पाच फेऱ्या लागतात. २३० मिलिसेकंदांच्या हिशेबाने नुसत्या वाट पाहण्यातच साडेअकरा मिनिटे जातील. त्याच सर्व फाइलींचे एक गाठोडे, म्हणजे झिप फाइल, करून पाठविले तर ही वाट पाहणी जवळजवळ नाहीशी होते. हा उपाय आजच, काहीही न बदलता, करता येतो.

कायमचा उपाय मध्यस्थाला जवळ आणण्याचा. सर्व्हर मुंबईचा घेतला तर नाशिक व भोपाळ दोघांनाही वाट जवळची होते. लंडनच्या मुलाचेही नुकसान होत नाही, कारण त्याला नाशिकपर्यंतचे अंतर एरवीही काटावयाचेच आहे. ह्याहून उत्तम म्हणजे मध्यस्थच नको. दोन्ही टोकांना आय.पी. आवृत्ती ६ चे पत्ते मिळत असतील, तर बहुधा थेट जोडणी साधते. मात्र राउटरच्या संरक्षक भिंतीत त्या एकाच दारापुरती परवानगी द्यावी लागते. काही कंपन्या जादा आकार घेऊन घराला स्वतंत्र स्थिर पत्ताही देतात. चौकशी करावी.

आणखी काही कारणे

रोज ठराविक वेळीच वेग पडत असेल, तर त्या वेळी घरातील कोणाच्या तरी मोबाइलची छायाचित्रे आपोआप वर चढत आहेत का, ते पाहावे. चढता रस्ता तुडुंब भरला की राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि सर्वांनाच उशीर होतो. असली कामे रात्री लावावी, किंवा राउटरमध्ये रांगेची व्यवस्था असल्यास अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या थोडी खाली, सुमारे शेकडा नव्वदांवर, ठेवावी.

पान उघडावयास प्रथम उशीर लागतो पण मग सारे झरझर येते, असे असेल तर दोष नावावरून पत्ता शोधणाऱ्या डी.एन.एस. सेवेचा असू शकतो; ती जवळची निवडावी. एखाद्या कचेरीच्या किंवा हॉटेलच्या जाळ्यावरच बोगदा अडत असेल, तर तेथे यू.डी.पी. पाकिटांना आडकाठी असण्याचा संभव असतो.

वेगासाठी दोन गोष्टी मात्र करू नये. सांकेतिक लिपी दुबळी करू नये किंवा काढून टाकू नये. तिचा खर्च किती थोडा आहे हे आपण पाहिलेच. आणि घरच्या संगणकाची दारे थेट इंटरनेटवर उघडी टाकू नये.

कपाटातील कागद

आपल्या कुटुंबाच्या हाती काय आले ते पाहा. नवी जोडणी नको, नवे यंत्र नको. झिप फाइल आजच करावयाची, मध्यस्थ सर्व्हर मुंबईला आणावयाचा, आणि बोगद्यातून फक्त घरचे पत्ते न्यावयाचे. ४० मिनिटांचे काम मग चार-पाच मिनिटांवर यावे. प्रत्येक बदल एकेक करून करावा, प्रत्येकानंतर चौथे माप पुन्हा घ्यावे आणि ते वहीत तारखेसह लिहावे. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

शेवटी, ही व्यवस्था घरातील एकाच तरुणाच्या डोक्यात राहू देऊ नये. एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहावे: कोणते यंत्र कोठे आहे, कोणत्या क्रमाने बंद व चालू करावे, सर्व्हरचे भाडे कोणत्या तारखेला भरावयाचे, आणि अडल्यास कोणाला दूरध्वनी करावा. संकेतशब्द त्यावर लिहू नयेत. ते निराळे, कुलपात ठेवावे. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा आणि आईवडिलांकडून एकदा सारी कृती प्रत्यक्ष करवून घ्यावी. पेटी ज्यांच्या घरात आहे त्यांना ती उघडता आलीच पाहिजे.

पुढील अंकी: घरच्या संगणकातील कागदपत्रांची दुसरी प्रत कोठे आणि कशी ठेवावी.